आठाचा तीन

आमच्या कोलोवाईत सूर आकड्यांत लिहितात.
तीन म्हणजे सा. तिथून चढत चढत
आठावर धैवत, नऊवर निषाद.
एक आणि दोन का नाहीत, विचारू नका.
सातेकी म्हणतो, ते देवाने स्वतःसाठी ठेवलेत.

सातेकी आमच्या चर्चचा गायनमास्तर.
फळ्यावर खडूने आकड्यांच्या चार ओळी लिहितो,
प्रत्येक आवाजाची एक,
आणि छडी टेकवली की पन्नास माणसं
एका श्वासात उघडतात.

मी मागच्या बाकावरची, जाड आवाजाची.
सोमवार ते शुक्रवार मी रुग्णालयात
डोळ्यांच्या मागच्या भिंतीचे फोटो काढते,
साखर असलेल्यांचे.
म्हणजे मामांचे, आत्यांचे,
मला गणितात नापास केलेल्या बाईंचेही.

तीन वर्षं सातेकीला तारखेचं कार्ड दिलं.
तीन वर्षं त्याने ते स्तोत्रांच्या वहीत
खूण म्हणून घातलं.
"कालोलाइने, मी इथून
दाराजवळच्या पोराची जांभई पाहतो.
माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय?"

आणि खरंच दिसत होतं त्याला. हीच तर गोम.
हे दुखणं दुखत नाही.
खुपत नाही, डोळा लालही होत नाही.
घरमालक पुढच्या खोलीत पाहुण्यांशी बोलत असतो
आणि माजघराची भिंत
आतून ओलावत असते.

मग ऑगस्टमधला तो रविवार.
फळ्यावर आठ होता. ते दोन वेटोळ्यांचं चिन्ह
डावीकडून पुसलं, की तीन उरतो.
सातेकीने धैवताच्या जागी सा लावला.
आम्हाला पाठ होतं, आम्ही धैवतावरच राहिलो,
आणि पहिल्यांदाच आमचा मास्तर
आमच्यापासून वेगळा ऐकू आला.
त्याने बाहीने फळा पुसला. पुन्हा पाहिलं.
डाग फळ्यावर नव्हता.

मंगळवारी तो आला. कार्ड घेऊन, तिन्ही.
थेंब घातले. बाहुल्या पसरेपर्यंत
बाकावर बसून मांडीवर ताल धरत राहिला.
"हनुवटी इथे. कपाळ टेकव. हलू नकोस."
पन्नासांना हात उंचावून थांबवणारा माणूस
माझ्या बोटाच्या इशाऱ्यावर थांबला.

पडद्यावर नारिंगी गोल उगवला.
उजव्यात लाल ठिपके, मुंगी चावल्यासारखे.
डाव्यात नको तिथे फुटलेल्या पारंब्या,
इतक्या नाजूक की शिंकेनेही तुटाव्यात,
आणि एक तुटलेली, तिच्याखाली
सांडलेल्या शाईएवढं रक्त.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते मीच त्याच्या भाषेत केलं:
लेसरने पारंब्या जाळतील. आहे ते राखतील.
गेलेलं सगळं परत येईलच, असं नाही.
तो म्हणाला, "तीन वर्षांपूर्वी आलो असतो तर?"
मी लेन्स पुसत बसले.
पुसलेली लेन्स पुन्हा पुसली.

मला तेव्हा बोलायचं होतं, ते हे:
कार्ड देणं म्हणजे आणणं नव्हे.
तुझं घर माझ्या वाटेवर आहे.

लेसर झालं. आता तो आकडे वीतभर लिहितो.
डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात ढग आहे,
उजवा अजून शाबूत.
दर चार महिन्यांनी येतो, वेळेआधी,
आणि विचारतो, "आज काय वाजतंय आत?"

गेल्या गुरुवारी एकटा आला नाही.
खर्जातले अकरा जण धरून आणले,
ट्रकच्या मागे बसवून,
नको म्हणणाऱ्या फोलाउला तर बायकोसमोर लाजवून.
अकरा हनुवट्या. बावीस फोटो.
दोघांच्यात ठिपके निघाले. दोघांनाही
अगदी स्वच्छ दिसत होतं.

त्याच संध्याकाळी तालीम होती.
थेंबांनी बाहुल्या ताटाएवढ्या झालेल्या,
दिव्याकडे पाहवेना, फळा नुसता पांढरा.
अकरा धटिंगण डोळे मिचकावत एकमेकांना धडकले.
सातेकीने छडी टेकवली,
"दिसत नाहीये ना? छान. आजच्यापुरतंच आहे.
ऐकून गा."

ते ऐकून गायले.
बेसूर होते थोडे. मला काय, मी मागे बसते.

आणि फोलाउ डोळ्यांवर हात धरून विचारत होता,
"कालोलाइने, सकाळपर्यंत उतरेल ना हे?"
उतरेल, मी म्हटलं,
हे उतरेल.